सासूबाई आणि डावा मागचा कोपरा

चष्मेवाल्याला गाडीत उत्तम स्पीकर बसवायचे होते, आणि सासूबाईंना मुळीच बसवायचं नव्हतं. त्या गाडीत बसल्या की ब्रेक लवकर दाबा, आरसा नीट करा, पुढच्याला आधी जाऊ द्या, असं घर येईपर्यंत चालायचं. म्हणून तर त्याला दणदणीत आवाज हवा होता.

स्पीकरच्या दुकानात मिस्त्रीने भिंतीवरचे स्पीकर एकामागून एक वाजवून दाखवले. "हा बरा वाटतो की हा?" तो विचारायचा. हाच प्रश्न चष्मेवाला स्वतःच्या चष्म्यांच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांना विचारत असे, पण स्वतःच्या कानांवर वेळ आली तेव्हा त्याची बोबडी वळली.

"पहिला," तो अंदाजाने म्हणाला.

"दोन्ही एकच होते," मिस्त्री म्हणाला. "असू द्या. दुकानात सगळेच स्पीकर गुणी असतात. गाडीत गेले की खरा स्वभाव कळतो."

स्वभाव कळला तो असा. पुढच्या दारांत दोन, मागे दोन, डिकीत बासचा मोठा खोका, एवढं सगळं बसवून झालं आणि गाणं लावताच मागच्या डाव्या कोपऱ्यातून घों असा आवाज येऊ लागला. विहिरीत म्हैस पडावी तसा. मिस्त्रीने दारं उघडून आत जाड पत्रे चिकटवले, खोका उलटा केला, तारा बदलल्या. म्हैस काही बाहेर निघेना. त्याने चष्मेवाल्याला पुन्हा दोन दिवसांनी बोलावलं.

नेमकं त्याच दिवशी सासूबाईंना दवाखान्यातून घरी आणायचं काम बायकोने त्याच्या गळ्यात घातलं. "वाटेत तुमचं ते स्पीकरचं दुकान आहेच," ती म्हणाली. "आई बसेल गाडीत. तिचा काय त्रास?"

चष्मेवाल्याने गाडीची किल्ली उचलली.

सासूबाई मागे डाव्या बाजूला, मांडीवर पर्स घेऊन बसल्या. दुकानासमोर मिस्त्रीने दारातून वाकून गाणं लावलं, आणि त्याचा हात तसाच थांबला. घों गायब. गाणारीने श्वास घेतला तोसुद्धा ऐकू आला.

"मावशी, जरा उतरता का?" मिस्त्री म्हणाला.

"आत्ता तर टेकले."

त्या उतरल्या. घों. त्या बसल्या. पुन्हा सगळं लख्ख. मिस्त्रीने त्यांना उजवीकडे बसवून पाहिलं, पुढे बसवून पाहिलं, पर्स काढून घेऊन पाहिलं. मग हात पुसत म्हणाला, "साहेब, त्या कोपऱ्यात आवाज जाऊन घुमत होता. मावशी बसल्या की त्याला घुमायला जागाच उरत नाही. माझ्याकडून काम झालं. आता यांना हलवू नका."

चष्मेवाल्याने आधी पर्याय शोधले. तांदळाचं पोतं ठेवलं, गादीची वळकटी ठेवली, सासूबाईंच्या थोरल्या बहिणीला फिरवून आणलं. मोठ्या मावशी अंगानं तशाच होत्या, पण घों कमी व्हायच्याऐवजी खर्जात गेला. शेवटी तो सासूबाईंच्या दारात उभा राहिला आणि चपलेच्या टोकाकडे बघत म्हणाला, "आई, रोज सकाळी माझ्या चष्म्यांच्या दुकानापर्यंत येता का माझ्याबरोबर?"

"मला काय काम तुमच्या दुकानात?"

"काम नाही. नुसतं बसायचं."

सासूबाईंना सगळं कळत होतं. हातात आयती वेसण आलेली कोण सोडतं? त्या रोज येऊ लागल्या, आणि सोबत अटीही आल्या. गाडी हळू चालवायची. कुणालाही शिव्या द्यायच्या नाहीत. परतताना त्यांना मैत्रिणीकडे सोडायचं. चष्मेवाल्याने सगळं मान्य केलं, कारण गाण्यातल्या तबल्यावरची शाई हाताला लागेल इतकं ते स्वच्छ वाजत होतं.

मग एका सकाळी त्या म्हणाल्या, "जावईबापू, गाणी पुरे झाली. मला बातम्या लागतात."

"बातम्यांसाठी एवढे स्पीकर कशाला, आई?"

सासूबाईंनी दाराच्या कडीवर हात ठेवला. चष्मेवाल्याने बातम्या लावल्या.

पहिले काही दिवस तो दात ओठ खात ऐकत राहिला. पुढे पुढे मात्र कान रुळला. बातम्या देणाऱ्या बाई पाणी कधी पितात, कुठल्या मंत्र्याचं नाव घेताना त्यांचा आवाज किंचित कोरडा पडतो, हे त्याला ऐकू येऊ लागलं. कोणत्या गावी किती पाऊस पडला, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, तरी बाई ते ज्या मायेनं सांगत त्यामुळे त्याला त्या गावांची काळजी वाटू लागली. सासूबाईही आता ब्रेकबद्दल बोलत नसत. बोलल्या तर मधलं काही ऐकायचं राहून जाई.

एका संध्याकाळी दोघं इमारतीखाली पोचले तेव्हा बातम्या अजून चालू होत्या. कुणीच उतरेना. बराच वेळ वाट पाहून बायको खाली आली, पुढचं दार उघडून नवऱ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "काय चाललंय तुमचं?"

घों.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही, पण नजर हटवलीही नाही. बायको उतरली. "पानं वाढलीत," तिने बाहेरून सांगितलं आणि दार हलकेच लावून घेतलं.

आत आवाज पुन्हा निवळला.

"बाईंना सर्दी झालीय," सासूबाई म्हणाल्या.

"कालपासूनच," चष्मेवाला म्हणाला, आणि त्याने आवाज थोडा वाढवला.