शेवटची डिस्क आधी

मंगळवारी सकाळी पावणेअकरा वाजता अकोल्याच्या डाबकी रोडवरच्या मैना फोटो स्टुडिओत संगणकाने एक डिस्क तिसऱ्यांदा बाहेर टाकली. ही डिस्क वाचता येत नाही, दुसरी घाला, असा संदेश पडद्यावर आला. दुसरी नव्हती.

पियुषने डिस्क उजेडात धरली. चमकत्या बाजूला ओरखडा नव्हता, डाग नव्हता. वरच्या बाजूला काळ्या मार्करने, त्याच्याच अक्षरात, क्रमांक लिहिलेला होता आणि क्रमांकापुढे ‘ओके’.

“नाई चालली का रे?” बाहेरून मैनाबाईंनी विचारलं. त्या स्टुडिओचा उंबरा ओलांडत नसत. चहाचा कप त्यांनी बाहेर उभं राहूनच काउंटरवर सरकवला.

“पाहून राहिलो, आई.”

“माह्यावालं कुंकू,” त्या म्हणाल्या आणि जिना चढून घरात गेल्या.

पियुषने चहा घेतला नाही.

प्रियदर्शनीचा फोन शनिवारी आला होता. ती नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात तपासणी विभागात आहे आणि अमरावतीत फ्रेझरपुऱ्यात राहते. तिचं लग्न अकोल्यात झालं तेव्हा शूटिंग पियुषचं होतं. तिचे वडील धर्मपाल अकोल्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. गाड्या पुकारायचं काम त्यांच्याकडे. ‘अकोटमार्गे तेल्हारा’ म्हणताना शेवटचा ‘रा’ ते असा लांबवत की कँटीनमधला माणूस उरलेला चहा बशीत ओतून धावत सुटे. निवृत्तीनंतर त्यांना घशाचा कर्करोग निघाला. गेल्या वर्षी नागपूरला स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हापासून ते लेकीकडे असतात आणि पाटीवर लिहून बोलतात.

नागपूरच्या वाचातज्ज्ञ बाईंनी एक वाट दाखवली होती. जुन्या आवाजाचं अर्धा तास तरी स्वच्छ रेकॉर्डिंग मिळालं, तर मोबाइलवर लिहिलेलं वाक्य त्यांच्याच आवाजात बोलणारा प्रोग्राम तयार होऊ शकतो. घरात शोधाशोध झाली. माणूस उभी नोकरी माइकवर बोलला, पण ते बोलणं कोणी टेप करून ठेवलं नव्हतं. कोण ठेवतो? फोनमध्ये सापडलं ते ‘हं, पोचलो’ आणि ‘ठेवतो’ एवढंच. लग्नाच्या डीव्हीडीत मात्र ते चांगले अर्धा-पाऊण तास बोलताना दिसत होते. दिसत होते, ऐकू येत नव्हते.

“दादा, बाबाच्या भाषणावर तुमी गाणं टाकलं,” प्रियदर्शनी म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. “मूळ आवाज असंन ना तुमच्यापाशी?”

“आहे ना. सगळं सेव्ह आहे,” पियुष म्हणाला. गिऱ्हाइकाला हे वाक्य तो इतक्या वर्षांपासून सांगत आला होता की ते तोंडातून आपोआप आलं.

ते भाषण त्याला नीट आठवत होतं, कारण कॉलरचा माइक त्यानेच धर्मपालकाकांना लावला होता. त्रिशरण-पंचशील झालं, हार घालून झाले, पंगतीवाले ताटकळले, आणि काकांनी घोषणा केली: “अकोल्यावरून सुटणारी अमरावती गाडी फलाटावर लागली आहे. वधूपक्षाने रडू नये. गाडी रोजची आहे.” मांडवात हशा झाला. पुढे ते बराच वेळ बोलले. एडिटिंगला बसल्यावर पियुषला वाटलं, भाषण कोण ऐकतं? तेव्हा सगळेच स्टुडिओ असं करत. भाषण दिसलं की आवाज बंद आणि वर एखादं गाणं.

मूळ चित्रीकरण हार्ड डिस्कवर राहिलं. दोनेक वर्षांनी ती हार्ड डिस्क टकटक आवाज करायला लागली, तेव्हा त्याने एक प्रोग्राम आणला. हा प्रोग्राम अख्खी हार्ड डिस्क थेट कोऱ्या डीव्हीडींवर उतरवायचा. एक भरली की दुसरी मागायचा. सगळ्या मिळून एकच संच व्हायचा. त्यातली एकटी डिस्क उघडत नाही, आणि मधली एखादी गेली की तिच्यापुढचं काही हाती लागत नाही. म्हणून प्रत्येक डिस्क लिहून झाली की प्रोग्राम विचारायचा, पडताळणी करायची का? पडताळणीला लिहिण्याइतकाच वेळ लागे. लग्नसराई होती. तेल्हाऱ्याचं एक लग्न तोंडावर आलं होतं. पियुषने पहिल्याच डिस्कला तो पर्याय बंद केला. आणि वेळ वाचावा म्हणून डबाभर डिस्क कोऱ्या असतानाच त्यांच्यावर ओळीने क्रमांक टाकून पुढे ‘ओके’ लिहून ठेवलं. शेवटची डिस्क भरली तशी त्याने जुनी हार्ड डिस्क कोरी केली आणि भंगारात दिली.

त्या वर्षी दसऱ्याला मैनाबाईंनी नेहमीप्रमाणे स्टुडिओतल्या हत्यारांची पूजा केली. कॅमेरा, दिवे, संगणक, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. डिस्कचा डबा उघडाच होता. डिस्क उलट्या रचलेल्या, सगळ्यात वर शेवटची, चमकती बाजू आभाळाकडे. त्यांनी त्या चमकत्या बाजूवर कुंकवाचं बोट टेकवलं. चमकते ती लक्ष्मी, असा त्यांचा साधा हिशेब.

पुढच्या उन्हाळ्यात अकोटचं एक गिऱ्हाईक जुनं शूटिंग मागायला आलं. संच मध्येच अडला. पियुषचे वडील खुशालराव तेव्हा हयात होते. फिल्मच्या जमान्यातला माणूस. प्रिंट हातात घेऊन पाहिल्याशिवाय ‘काम झालं’ हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नव्हता.

“चेक केलं होतं ना?” त्यांनी विचारलं.

“हो,” पियुष म्हणाला. आणि काउंटरवर ठेवलेल्या डब्यातल्या वरच्या डिस्ककडे बोट करून म्हणाला, “हे पाहा ना बाबा, आईनं काय करून ठेवलं.”

खुशालराव बायकोला गिऱ्हाइकासमोर बोलले. फार नाही, दोनच वाक्यं. पण मैनाबाई त्या दिवसापासून स्टुडिओत आल्या नाहीत. दसऱ्याला ताट घेऊन यायच्या, शटरला बाहेरून कुंकू लावायच्या आणि परत जायच्या. घरात त्याचा विनोद झाला. पियुषची बायको रागिणी अजूनही म्हणते, “आई, माह्या मोबाइलले हात नका लावू बरं, करप्ट होईन.” मैनाबाईही हसतात.

पियुष त्या विनोदाला कधी हसला नाही, पण त्याने तो कधी थांबवलाही नाही. कारण त्याला एक गोष्ट माहीत होती. त्या प्रोग्रामची रीत उलटी होती. संच उघडायचा तर तो शेवटची डिस्क आधी मागायचा, कारण सगळ्या फाइलींची यादी तिच्यावर असे. अकोटच्या गिऱ्हाइकाच्या वेळी कुंकवाची डिस्क त्याने घातली होती, आणि ती पहिल्या झटक्यात चालली होती. अडली ती मधली, जिला कुंकू शिवलंही नव्हतं. या मंगळवारीही तसंच झालं.

डिस्क अडल्याचं कळल्यावर प्रियदर्शनीनेच अमरावतीतली रश्मी शोधून काढली. जयस्तंभ चौकाजवळ तिचं बंद पडलेल्या डिस्क आणि पेनड्राइव्हमधून माहिती काढून देण्याचं दुकान आहे. पियुष बुधवारी सकाळी डबा टॉवेलमध्ये गुंडाळून निघाला, तर मैनाबाई नवं लुगडं नेसून दारात उभ्या.

“तू कुठी चालली?”

“तुह्यासंगं. त्या भाऊले तोंडानं सांगतो, चूक झाली म्हणून. फोनवर बरं नाई दिसत.”

“काही गरज नाई, आई.”

“तुले नसंन. मले आहे.”

मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत पियुषने दोनदा बोलायला तोंड उघडलं. एकदा कंडक्टर आला. दुसऱ्यांदा मैनाबाईंनी त्याच्या हातावर सोललेलं संत्रं ठेवलं. बडनेऱ्याला गाडी थांबली तेव्हा त्या डब्यावर हात ठेवून डुलकी काढत होत्या.

दुकानात धर्मपालकाका आधीच येऊन बसले होते. गळ्याला पांढरा रुमाल, मांडीवर शाळेच्या पोराची असते तशी पाटी. प्रियदर्शनीची कारखान्यात सकाळची पाळी होती, ती येऊ शकली नव्हती. मैनाबाई सरळ त्यांच्यापुढे गेल्या आणि हात जोडले.

“भाऊ, माह्या हातून झालं. मले काय माईत, ते कुंकवानं बिघडते म्हणून. तुमचा आवाज माह्या कुंकवाखाली गेला.”

काकांनी घाईघाईने पाटीवर लिहून त्यांच्यापुढे धरलं. मैनाबाईंना जवळचं दिसेना. त्यांनी पियुषकडे पाहिलं, आणि त्याला मोठ्याने वाचावं लागलं: “गाडी रद्द नाही. उशिरा आहे.”

मैनाबाई हसल्या आणि पदराने डोळे पुसले.

“चला, शेवटची डिस्क आधी द्या,” रश्मी म्हणाली. “यादी तिच्यावर असते.”

“तेच तर खराब आहे, बाई,” मैनाबाई म्हणाल्या.

रश्मीने डिस्क घेतली. कुंकवाचा ठसा फिका पडून गुलाबी झाला होता. तिने त्यावर तोंडाची वाफ सोडली, मऊ फडक्याने मधून बाहेर असं पुसलं आणि डिस्क आत सरकवली. ड्राइव्ह घरघरला. पडद्यावर यादी उलगडली. त्यात एका ओळीत प्रियदर्शनीचं नाव होतं.

“चालली?” मैनाबाईंनी विचारलं.

“चालली ना, मावशी. कुंकू वरच राहते. डाटा आत असते.”

मैनाबाईंनी पडद्याकडे पाहिलं नाही. त्या पियुषकडे पाहत होत्या.

“तवा बी चालली होती काय रे? ते अकोटवाले आले होते तवा?”

आठवत नाही, असं म्हणता आलं असतं. ते वाक्यही त्याच्या जिभेवर तयार होतं.

“हो,” पियुष म्हणाला.

“तुह्या बापाले माईत होतं?”

“नाई.”

“मंग माह्यावर काहून टाकलं?”

काकांनी पाटी पुसायला घेतलेलं फडकं हातातच धरलं होतं. रश्मी कीबोर्डवरचा हात काढून उगाच डबा सारखा करत होती. पियुषने मधली डिस्क बाहेर काढली आणि तिच्यावरच्या ‘ओके’वर अंगठा ठेवला.

“मी चेकच केलं नव्हतं, आई. हे कोऱ्या डिस्कवरच लिहून ठेवलं होतं. बाबा रागावतीन म्हणून तुह्यं नाव घेतलं.”

“बाप मरून चार वर्सं झाले, पियुष.” एवढंच बोलून मैनाबाईंनी पिशवी उचलली. “भाऊ, तुमच्याइथं चहा भेटन का?”

काकांनी मान हलवली आणि उठले. जाताना त्यांनी पाटी पियुषपुढे धरली. तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. तो वाचायला पुढे वाकला तेव्हा ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी दोन अक्षरं लिहिली, पुसली, आणि पाटी काखेत धरून मैनाबाईंच्या मागे गेले.

रश्मीने मधली डिस्क एका जुन्या, जाड ड्राइव्हमध्ये घातली. हा ड्राइव्ह हळू वाचतो पण चिवट आहे, असं ती म्हणाली. जिथे वाचता येत नाही तिथे तो पुन्हा पुन्हा फिरतो, मग सोडून पुढे जातो, मग उलट्या बाजूने परत येतो.

“लिहितानाच कच्ची राहिली असंन,” ती म्हणाली. “तवाच पाहिलं असतं तर त्याच दिवशी दुसरी करता आली असती.”

“हो.”

“भाषण हिच्यावर आहे का, ते आत्ता नाई सांगता येत. हिच्यावर नसंन तरी हिच्याबिगर पुढचं उघडत नाई.”

तीन वाजता पियुषने फ्रेझरपुऱ्यात फोन केला. प्रियदर्शनी पाळीवरून परतली होती. तिला वडिलांकडून सगळं कळलं होतं, हे तिच्या ‘हॅलो’वरूनच समजलं.

“मावशी गेल्या,” ती म्हणाली. “बाबानं त्यायले अकोला गाडीत बसवून देलं. तुमाले थांबू द्या म्हणाल्या. दादा, तुमी मले शनिवारी सगळं सेव्ह आहे म्हणाले होते.”

“म्हणालो होतो.”

“मी बाबाले तेच सांगतलं होतं. तवापासून ते मोबाइलवर टाइप करायले शिकून राहिले.”

पियुष दुकानातल्या बाकावर येऊन बसला. पडद्यावर एक हिरवी पट्टी सरकत होती. मध्ये मध्ये तिच्यात काळे ठिपके पडत होते आणि प्रत्येक ठिपक्याला ड्राइव्ह कण्हल्यासारखा आवाज करत होता.

सातला पाच मिनिटं असताना रागिणीचा फोन आला.

“आई पोचल्या,” ती म्हणाली. “स्टुडिओची चाबी मागतली अन् आत जाऊन बसल्या. हळदकुंकवाचं ताट पाह्यजे का म्हणून इचारलं, तर नाई म्हणे. लाइटही नाई लावला. तुमच्या खुर्चीवर बसून आहेत नुसत्या. काय झालं तिकडं?”

“मी आल्यावर सांगतो,” पियुष म्हणाला.

“त्याच म्हणून राहिल्या, पियुषले इचार. फोनवर इचार, आत्ताच.”

सात वाजता रश्मीने दुकानाचा पुढचा दिवा मालवला. मधल्या डिस्कचे चौऱ्याहत्तर टक्के वाचून झाले होते. पट्टी गेला पाऊण तास तिथेच होती. ड्राइव्ह थांबला नव्हता. फोन अजून चालू होता आणि रागिणी पलीकडे वाट पाहत होती.