पाचपैकी पाच

“पाळी कोणाची आहे?” मॅनेजरनं काचेबाहेर बघत विचारलं.

दारातल्या पायपुसण्यावर एक म्हातारा माणूस चपला पुसत होता. एकदा पुसून झाल्या, त्यानं वाकून खाली पाहिलं आणि पुन्हा पुसायला लागला.

आलेलं गिऱ्हाईक पाळीनं घ्यायचं, असा त्या शोरूमचा नियम होता. सगळ्यांत जुना सेल्समन जागेवरूनच हसला. “पाळी आपल्या नव्या गड्याची. पण नखं बघ त्याची, गॅरेजवाला आहे. या लोकांना गाडी घ्यायची नसते, बॉनेट उघडून बघायचं असतं. पाच मिनिटांत वाटेला लाव.”

नवा गडी उठला खरा, पण त्याचे पाय जागचे हलेनात. दारातला माणूस त्याचा बाप होता.

घरी याला सगळे धाकटा म्हणत. थोरला वडिलांच्या हाताखाली गॅरेजात लागला होता. वडिलांना सगळी आळी मिस्त्री म्हणे, आणि धाकटा सव्वीस वर्षं मिस्त्र्यांचा पोरगा म्हणून वावरला होता. शाळेत त्याच्या डब्याला ऑइलचा वास येतो म्हणून पोरं नाक धरायची. वास येत नव्हता, आई डबा घासूनपुसून द्यायची, पण पोरांना सांगतो कोण? शोरूमच्या मुलाखतीत मॅनेजरनं विचारलं, वडील काय करतात. धाकटा म्हणाला, “ऑटोमोबाइलचा बिझनेस आहे.” तसं पाहिलं तर खोटं नव्हतं. पण गाडीखाली उताणा पडून नट सोडवणारा माणूस त्या वाक्यात कुठंच दिसत नव्हता, आणि धाकट्याला नेमकं तेच हवं होतं. वडिलांच्या ओळखीपाळखी असतील, या हिशेबानं मॅनेजरनं त्याला घेतला. तीन आठवडे झाले तरी एक गाडी खपली नव्हती. ओळखींचं काय झालं, हे मॅनेजर दोनदा विचारून चुकला होता.

आणि आता ती ओळख दारात उभी होती. धुतलेला शर्ट, वरचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं.

मिस्त्र्यांचा चेहरा मुलाला टायमध्ये बघून उजळला. “अरे...” त्यांनी सुरुवात केली.

“नमस्कार सर, या ना,” धाकटा घाईघाईनं म्हणाला. “कुठली गाडी बघणार?”

मिस्त्री थांबले. त्यांनी मुलाच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्याच्या खांद्यावरून मागे हसू दाबत उभ्या असलेल्या जुन्या सेल्समनकडे पाहिलं. गाडी नुसती चालू केली तरी बिघाड कुठं आहे ते सांगणारा माणूस तो. त्याला कितीसा वेळ लागणार?

“नमस्कार साहेब,” ते म्हणाले. “ही लाल बघितली असती. तुम्हाला वेळ असला तर.”

तुम्हाला. बाप आपल्याला अहो-जाहो करतोय, हे ऐकून धाकट्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. अजूनही वेळ गेली नव्हती. मागे वळून ‘हे माझे वडील’ एवढं म्हणायचं होतं. पण जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच, आणि पाठ केलेलं बोलणं मात्र सुटलं. दिवे, आरसे, डिकी, सगळं घडाघडा. मिस्त्री हात पाठीमागे बांधून त्याच्या मागून फिरत होते आणि प्रत्येक गोष्टीला “वा, वा” म्हणत होते.

“बसून बघा ना, सर.”

“नको हो, कपड्यांचा डाग पडेल.”

कपडे तर परीटघडीचे होते.

त्यानं बॉनेट उघडून इंजिन चालू केलं. मिस्त्र्यांनी मान कलती केली. धाकटा सांगत होता, “टायमिंग बेल्ट एकदम मजबूत, सर. लाखभर किलोमीटर बघायला नको.” एव्हाना मॅनेजरही येऊन उभा राहिला होता.

“मला अडाण्याला काय कळतंय, साहेब,” मिस्त्री हळूच म्हणाले, “पण आवाजावरून वाटलं की यात चेन असेल. म्हणजे बेल्ट बदलायची भानगडच नाही. असंच म्हणायचं होतं ना तुम्हाला?”

“हो, हो. चेनच,” धाकटा म्हणाला. मॅनेजर मान डोलावून निघून गेला.

शेवटी फॉर्म भरायचा होता. मिस्त्र्यांनी फोन नंबर खरा लिहिला, कारण तिथल्या तिथं रिंग देऊन तो तपासत असत. आडनावापाशी मात्र पेन अडलं. मुलाच्या छातीवर नावाची पट्टी होती आणि तिच्यावर त्यांचंच आडनाव होतं. ते त्यांनी एकदा वाचलं आणि फॉर्मवर शेजारच्या शिंप्याचं आडनाव लिहून टाकलं. धाकटा समोर बसून बघत होता. पृथ्वी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं.

संध्याकाळी जेवताना आईनं विचारलं, “काय हो, जाऊन आलात का शोरूमला? सकाळी एवढी दाढीबिढी करून बसला होतात.”

“कुठलं जमतंय,” मिस्त्री म्हणाले. “काम आलं मधेच.”

धाकट्यानं अर्धं ताट तसंच ठेवलं. वडील मोरीत हात धुवायला गेले तसा तो मागोमाग गेला.

“बाबा, दुपारी मी...”

“बेल्ट नाही, चेन आहे,” वडील नळाकडे बघत म्हणाले. “नीट पाठ कर. एखादा जाणकार भेटला तर फजिती होईल तुझी.” मग त्यांनी हात पुसले आणि ते आत गेले. चिडले असते, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर धाकट्याला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळची मीटिंग होती. आदल्या दिवशी आलेल्या गिऱ्हाइकांना सगळ्यांसमोर स्पीकरवर फोन लावायचा आणि सेल्समनला पाचपैकी किती गुण ते विचारायचं, ही तिथली रोजची पद्धत. धाकट्याला रात्रीपासून तेवढीच धास्ती होती. टेलिफोनवाल्या बाईंनी फॉर्म बघून नंबर फिरवला आणि शिंप्याच्या आडनावानं विचारलं, तेच बोलताहेत का.

पलीकडे हातोडीची ठाकठूक चालू होती. “हो,” मिस्त्री जरा थांबून म्हणाले. “बोलतोय.”

“काल आमच्या सेल्समननं गाडी दाखवली. वागणूक कशी वाटली? पाचपैकी किती द्याल?”

“पाच. पाचच लिहा, बाई. फार अदबीनं बोलला पोरगा. चांगल्या घरचा असावा.”

“पुन्हा कधी येणार शोरूमला?”

“नाही हो. आता नाही येणार. बघून झालं.”

बाईंनी आभार मानले. मॅनेजर खूश झाला. “बघा, गाडी घेणार नाही तो माणूस, तरी पाच. टाळ्या वाजवा याच्यासाठी.” टाळ्या वाजायला लागल्या. पण तिकडे मिस्त्र्यांच्या हाताला ग्रीस होतं, त्यांना काही फोन बंद करता आला नव्हता आणि इकडे बाईंचंही लक्ष नव्हतं.

“कुणाचा फोन, बाबा?” स्पीकरमधून लांबून थोरल्याचा आवाज आला.

“धाकट्याच्या शोरूमचा रे,” मिस्त्री म्हणाले. त्यांचा आवाज आनंदानं भरून आला होता. “पाचपैकी पाच मिळाले आपल्या धाकट्याला. तुझ्या आईला सांगू नकोस हं, मी तिथं गेलो होतो म्हणून.”

बाईंनी घाबरून फोन ठेवला. टाळ्या थांबल्या. जुन्या सेल्समननं धाकट्याकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

धाकटा उठून उभा राहिला. “ते माझे वडील आहेत,” तो म्हणाला.

ते आता सगळ्यांना कळलेलंच होतं.