वळताना वेग गेला

नटाच्या भोकात काळं तेल होतं, पिन नव्हती. विमानाच्या शेपटीच्या दांड्याचा नट. हवेत फिरून सुटू नये म्हणून त्यात पिन घालायची. तपासनिसाने तो पांढऱ्या फडक्यावर ठेवला आणि पुढच्या तुकड्याकडे वळला... पिन आपटल्यावर तुटली असेल. किंवा घातलीच नसेल. घातली होती — तिचे दोन पाय पक्कडीने मुडपताना अंगठ्याला टोचलं होतं, आठवतं — पण ते याच नटाचं, की शेजारच्या? तेवढ्यात दादा हँगरच्या दारातून ओरडला होता, "अरे, चहा गार होतोय!" काम अर्ध्यावर सोडून उठलं तर परत पहिल्या नटापासून तपासायचं, हा इथला नियम. मी तपासलं? मुळात उठलो होतो का? काल दादाचं ते छोटं विमान धावपट्टीपलीकडच्या खडकांत चुरगळलं, दादा आतच गेला, आणि आज हँगरमध्ये हे सगळे चहाचे कप हातात धरून अंदाज ठोकून देताहेत.

कोणी म्हणे पेट्रोलमध्ये पाणी, कोणी म्हणे वाऱ्याचा झोत. प्रत्येक अंदाज दादाचा धाकटा भाऊ कान देऊन ऐके, पण त्याच्यापुरते शेवटी दोनच उरत होते: चूक दादाची, नाहीतर मेकॅनिकची, म्हणजे त्याची. एकेकाचं थोबाड त्या फाटक्या पत्र्यांवर घासावं, दात पडेपर्यंत घासावं, असं त्याला वाटत होतं.

विमान शिकवणारे मास्तर म्हणाले, "यंत्राला काही झालं नव्हतं हो. ह्याच्या भावानंच वळताना वेग घालवला. फाजील आत्मविश्वास, दुसरं काय?"

त्याने मास्तरांची कॉलर धरली. पहिला ठोसा नाकावर बसला, हाड कचकन वाजलं. दुसरा, तिसरा — मास्तर खाली पडले तरी तो मारत राहिला, बोटांवरचं रक्त कुणाचं ते कळेना, आणि त्याला बरं वाटत होतं. पण बरं तर मारण्याच्या आधीच वाटलं होतं! मास्तरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत छातीवरचं ओझं उतरलं होतं — चूक दादाची, सुटलो मी... ते सुटणं त्याचं त्यालाच दिसलं, आणि मग हात उठला.

"भाऊजी, सोडा त्यांना!" बाहेर बसलेली वहिनी धावत आली. तिने त्याचा रक्ताळलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "सगळे ह्यांच्यावरच ढकलताहेत. तुम्ही एकटे ह्यांच्या बाजूने उभे राहिलात."

त्याने हात काढून घेतला नाही. मास्तर नाक धरून उठून बसत होते. ते म्हणाले तेच खरं निघू दे, असं मनात घोकत तो त्यांच्याकडे आशेने बघत राहिला.