केसभर बारीक

पंजाबातल्या आमच्या बटाल्यात माझ्याइतका तापट माणूस नाही, असं माझी बायको म्हणते. भांडायला वेळ नसतो म्हणून मी ते केव्हाच मान्य करून टाकलंय. पण मशीनपुढे मी गरीब गाय. जुन्या लेथचा, लोखंड कातायच्या मशीनचा, बेड सपाट करायचा म्हणजे निळा रंग लावा, त्यावर सरळपट्टी फिरवा, उंचवटा दिसेल तेवढाच हाताने खरवडा, परत रंग, परत खरवड. कंबर मोडते. माझ्या हातची खरवड बघायला लुधियान्याहून लोक येतात, हे मी आपल्या तोंडाने सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

हे काम मला शिकवलं माझ्या उस्तादांनी, मिस्त्री अजायब सिंगांनी. शिकवलं म्हणजे काय, शिव्या घालघालून माझ्यात कोंबलं. वीस वर्षं मी त्यांच्या वर्कशॉपमध्ये त्यांच्या जुन्या विलायती लेथवर काढली. त्या लेथला सगळी गल्ली बेबे म्हणते. बेबे म्हणजे आई म्हणा, आजी म्हणा. कुठल्याशा बंद पडलेल्या गिरणीतून उस्तादांच्या वडिलांनी ती बैलगाडीवर घालून आणली होती. उस्तादांची बायको, आमच्या बीजी, म्हणायच्या, "मी या घरात आले तेव्हा मला दोन सासवा होत्या. एक गेली. दुसरीला अजून रोज तेल घालावं लागतं."

यंदा वैशाखात उस्तादांना अर्धांगाचा झटका आला. हलकाच होता, पण उजव्या बाजूवर. मुलीने त्यांना जालंधरला नेलं, तिथे उपचार चांगले. हळूहळू हात उचलायला लागले, घास तोंडात जायला लागला, पगडीही स्वतःची स्वतः बांधायला लागले. डॉक्टर म्हणाला, हात बरा झाला. उस्ताद म्हणाले, ते तू नको सांगू, बेबे सांगेल.

बीजींना लेकीच्या घरी फार दिवस राहणं जड जात होतं, त्या अध्येमध्ये बटाल्याला यायच्या. एकदा मला बोलावून घेतलं. मुळ्याचे पराठे समोर ठेवले. बीजी पराठे ठेवतात तेव्हा काहीतरी महागात पडणार हे मला माहीत असतं.

"सेमे," त्या मला म्हणाल्या, "रोज फोनवर विचारतात, बेबे कशी आहे. माझी चौकशी नाही हो! तिला गंज तर नाही चढला, तिच्यावर छप्पर गळत तर नाही ना. परत येतील तेव्हा ती नवरीसारखी दिसली पाहिजे. आणि त्यांना कळता कामा नये."

"बीजी, तिचं सगळं झिजलंय. नवरीसारखी करायची म्हणजे सगळी उघडावी लागेल."

"मग उघड. पराठा गार होतोय."

उघडली. माझं दुकान बंद ठेवलं, गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या आणि सबंध पावसाळा बेबेच्या पायाशी बसून काढला. लोखंडाचा गज पकडणारा चक इतका घट्ट बसला होता की रॉकेल पाजून पाजून थकलो, शेवटी गरम केला तेव्हा हलला. गियरच्या दातांमधला काळा चिखल खिळ्याने कोरून काढला. रंगाचे थर खरवडले तर हिरव्याखाली करडा, करड्याखाली पुन्हा हिरवा. पितळी बुश नवे केले, पट्टा नवा शिवून घेतला. बेड चकाजवळ खोलगट झाला होता, कारण उस्तादांचं सगळं आयुष्य तिथेच उभं राहून गेलेलं. तो खरवडून सरळ करायलाच निम्मा काळ गेला. आणि आडव्या स्लाइडच्या बगलेत जी पट्टी असते, जी स्लाइडला घट्ट धरून ठेवते, ती तर नावाला उरली होती. कापायचं टूल धरणारी अख्खी स्लाइड दातासारखी हलत होती. मी नवी पट्टी घडवली, खरवडून अशी बसवली की स्लाइड लोण्यासारखी सरकावी पण तसूभर डुलू नये. काम संपलं त्या दिवशी मी बेबेसमोर स्टूल टाकून नुसता बसलो. खोटं कशाला बोलू, तिच्यावर जीव जडला होता. बायकोला सांगितलं नाही, तिला आधीच कळलं होतं.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे विश्वकर्मा दिवस. त्या दिवशी सगळ्या गल्लीत एकही मशीन चालत नाही. मशीन धुवायची, लाल धागा बांधायचा, हलव्याचा नैवेद्य दाखवायचा आणि तिला दिवसभर झोपू द्यायचं. नुसतं बटण दाबलं तरी म्हातारी माणसं काठी घेऊन अंगावर येतात. उस्ताद नेमके त्या सकाळी जालंधरहून आले. दारात बूट काढले, आत आले आणि थांबले.

"ही कोण?" ते म्हणाले.

"तुमची दुसरी सासू," बीजी म्हणाल्या. "म्हणजे माझी."

उस्तादांनी बेडवरून तळहात फिरवला, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग माझ्या मानेला धरून मला जवळ ओढलं आणि म्हणाले, "हरामखोरा, हे मी तुला कधी शिकवलं?" त्यांच्या दाढीत पाणी आलं होतं, माझ्याही. इतकी सुंदर शिवी मला आयुष्यात कोणी दिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन उठवायची. आमच्या गल्लीची रीत आहे, त्या दिवसाचा पहिला जॉब गुरुद्वाऱ्याचा, सेवेचा, आणि तो घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या हातचा. लंगरच्या कणीक मळायच्या मशीनची पिन झिजली होती. गुरुद्वाऱ्याचे ग्रंथी, आमचे ग्यानीजी, नवं बेअरिंग फडक्यात गुंडाळून स्वतः हजर. सगळी गल्ली दारात. उस्तादांनी हात जोडून अरदास, प्रार्थना केली, बटण दाबलं. बेबे अशी गुणगुणायला लागली की माझ्या अंगावर काटा आला.

हँडलच्या चकतीवरचे आकडे मी कोरून नवे केले होते, पण उस्तादांनी तिकडे बघितलंही नाही. आकडे तीस वर्षांपूर्वीच पुसले गेले होते. ते मनगटानेच काम करायचे. टूलचा एक हात घेतला, म्हणजे वरून एक थर कापला, दुसरा घेतला, कॅलिपर लावलं, आता शेवटचा साफ हात. कीस चकचकीत, लांब निघाला. पोरांनी तो उचलायला गर्दी केली. उस्तादांनी पिन काढली, पुसली आणि ग्यानीजींच्या हातातलं बेअरिंग तिच्यावर ठेवलं. ते तळहाताने ठोकून बसायला हवं होतं. ते सरळ घसरत खाली गेलं आणि टोकाशी खुळखुळलं.

पिन बारीक झाली होती. केसभरच, पण लोखंड एकदा कापलं की परत चिकटत नाही.

"पहिलीच आहे," ग्यानीजी म्हणाले. "दुसरी करू."

दुसरीही तशीच. तिसऱ्या वेळी उस्तादांच्या कपाळावर घाम आला, मी त्यांना कधी घाम आलेला बघितला नव्हता. तिसरीही खुळखुळली. त्यांनी बटण बंद केलं आणि उजवा हात उताणा करून बघत राहिले.

"डॉक्टर खोटं बोलला, सेमे," ते म्हणाले. "हात गेला."

"उस्ताद, मशीन नवी झालीय, जरा सवय..."

"मशीन खोटी आहे का?"

इथे माझ्या तोंडाने घात केला. माझ्या खरवडीवर शंका? "खोटी?" मी भडकलो. "डायल लावून बघा! केसाचाही फरक निघाला तर पगडी उतरवतो!" आणि त्याच तिरमिरीत मी स्वतः एक पिन काढली, चकतीवरचे आकडे बघून. बेअरिंग ठोकून बसलं, झकास. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, मग उस्तादांकडे. तेव्हा मला कळलं की मी काय करून बसलोय. ग्यानीजी माझी पिन घ्यायला पुढे झाले, पण उस्ताद म्हणाले, "ती नको. पहिला जॉब या घराच्या हातचा लागतो." आणि मग, अगदी हळू, "या घरात आता हात उरला नाही. बेबेला तू घेऊन जा, सेमे. तुझ्याकडे शोभेल." आणि ते आत निघून गेले.

गल्ली पांगली. बीजी माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपलेत. चहा नाही, पाणी नाही. झटका आला तेव्हासुद्धा असे झोपले नव्हते. काय केलंस तू?"

"तुम्हीच सांगितलं होतं नवरीसारखी कर म्हणून!"

"मग नवऱ्याला मारायला सांगितलं होतं का?"

मी स्टुलावर बसलो आणि हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून त्या तीन पिना मायक्रोमीटरने मोजायला लागलो. पहिली मोजली. दुसरी मोजली. तिसरी मोजली. परत पहिली मोजली. मग ताडकन उठलो, स्टूल पडलं.

तिन्ही पिना बारीक होत्या, पण तिन्ही सारख्याच बारीक. अगदी एकाच मापाने. अहो, गेलेला हात असा चुकत नाही! गेलेला हात एकदा जाड काढेल, एकदा बारीक, एकदा तिरपी. हा हात तीनदा नेमका त्याच जागी गेला होता. तो बेबेच्या जुन्या, ढिल्या स्लाइडची भरपाई करत होता. टूल लोखंडाला भिडलं की ती स्लाइड जराशी मागे डुलायची, म्हणून उस्तादांचं मनगट शेवटच्या हाताला तेवढं जास्त द्यायचं. चाळीस वर्षं. त्यांना स्वतःलाही माहीत नसेल. आता स्लाइड डुलत नव्हती, आणि जास्तीचं सगळं लोखंडातून जात होतं.

आत धावत जाऊन सांगावं असं वाटलं. पाय उचलला आणि थांबलो. समजूत घालतोय, एवढंच म्हणाले असते. लोक गेले सहा महिने त्यांची समजूतच घालत होते. त्यांचा विश्वास एकाच गोष्टीवर बसला असता, बेअरिंग ठोकून बसण्यावर.

मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला. माझ्या नव्या पट्टीचे स्क्रू ढिले करायला बसलो. बीजींनी विचारलं, "काय करतोस?"

"पाप," मी म्हणालो.

खरंच सांगतो, लुधियान्याहून ज्यासाठी लोक येतात, ते काम मी स्वतःच्या हाताने नासवत होतो. स्क्रू जरा सोडायचा, स्लाइड हाताने हलवून बघायची, नाही, बेबे एवढी डुलायची नाही, परत आवळायचा. वीस वर्षं तिच्यावर काम केलं होतं म्हणून ती डुलणी माझ्या बोटांना आठवत होती. ती सापडली तेव्हा मला रडायला आलं, आणि राग कोणावर काढायचा तेही कळेना.

मग बीजी आत गेल्या. त्यांचा आवाज बाहेर ऐकू येत होता. "ग्यानीजी अजून ओसरीवर बसलेत. लंगरला पीठ कोण मळणार, तुम्ही भिंतीकडे बघून? या घरातून गुरूच्या दाराचं काम रिकाम्या हाताने परत गेलं तर मी उद्या मत्था कुठल्या तोंडाने टेकू? उठा सरदारजी, एकदा. नंतर झोपा वर्षभर."

उस्ताद आले. कोणाकडे बघितलं नाही. गज चढवला, बटण दाबलं, एक हात, दुसरा हात, शेवटचा हात. पिन काढली. ग्यानीजींनी बेअरिंग ठेवलं, ते टोकाशीच अडलं. उस्तादांनी तळहाताने ठोकलं, एकदा, दोनदा. बसलं. असं बसलं की ग्यानीजींनी ओढून बघितलं तरी हललं नाही. बीजींनी चुन्नी तोंडाला लावली आणि मोठ्याने रडायला लागल्या.

उस्ताद मात्र हसले नाहीत. त्यांनी स्लाइड पकडली आणि अंगठ्याने मागे रेटली. परत रेटली. मग माझ्याकडे वळले.

"ही मघाशी अशी नव्हती."

मी स्क्रू-ड्रायव्हर पाठीमागे धरला.

"सेमे. कोणी ढिली केली?"

"मी."

"तुझं इतकं चांगलं काम? का?"

मी तीन पिना आणि मायक्रोमीटर त्यांच्या हातात दिला. "बोलायचं तर शिव्याच घालाल," मी म्हणालो, "त्यापेक्षा मोजा."

त्यांनी मोजल्या. चष्मा पुसून परत मोजल्या. मग तिन्ही पिना उजव्या मुठीत घट्ट धरल्या. "सारख्या," ते बीजींकडे वळून म्हणाले. "भागवाने, बघ, सारख्या आहेत." बीजींना काही कळलं नाही, पण त्यांनी मान जोरात हलवली.

"हात जिवंत आहे," मी म्हणालो. "सवय तेवढी जुनी आहे."

त्यांनी माझ्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला. एकेक स्क्रू स्वतः आवळला. स्लाइड हलवून बघितली, अजून जरा आवळला. मी म्हणालो, "उस्ताद, राहू द्या ढिली, कोणाला कळतंय?" तर म्हणाले, "तुझं काम झाकून मी माझी चूक पोसू? गज दे."

नवा गज चढला. शेवटच्या हाताला त्यांच्या मनगटाने सवयीप्रमाणे जास्तीचं दिलंच, मला दिसलं, त्यांनाही दिसलं. त्यांनी पिन काढली, बेअरिंग वर सोडलं. ते खळ्ळकन खाली गेलं. त्यांनी पिनेला मायक्रोमीटर लावला. तशी ती पिन उंच धरून अजायब सिंग दारात गेले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "बघा रे! परत बारीक झाली! परत तेवढीच!"

"लोखंड काय फुकट येतं?" बीजी डोळे पुसत म्हणाल्या.

"दुसरा गज काढ, सेमे," उस्ताद म्हणाले. "आणि ग्यानीजींना चहा द्या कोणीतरी."