माझ्यावर नान ठेवला तो दिवस

मी खोका बोलतोय. लाकडाचा, चारी बाजूंनी बंद, उचलायला दोन अंगांना भोकं. नाव विचारू नका, मला नाव नाही. बिश्केकच्या टीव्ही केंद्रात लोक मला खोकाच म्हणतात. बहुतेक वेळा तेवढंही म्हणत नाहीत. "ते आण रे इकडे," एवढ्यावर भागतं.

तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही. पाहिलं असतं तर त्या दिवशी कोणीतरी शिव्या खाल्ल्या असत्या. मी दिसायचं नाही, हेच माझं काम. माझ्यावर उभा राहिलेला माणूस उंच दिसायचा, आणि मी कुठे आहे हे घरी बसलेल्याला कळायचं नाही.

फार वर्षांपूर्वी मॉस्कोहून एक भला मोठा कॅमेरा आला, जाड फळ्यांच्या पेटीत बसून. कॅमेऱ्याला चौघांनी मिळून आत नेलं, पुसलं, नमस्कार करायचा तेवढा बाकी ठेवला. पेटी टाकली अंगणात, बर्फात. केंद्रात आबिल्दा नावाचा सुतार होता. तोंडात खिळे धरूनच बोलायचा, त्यामुळे तो काय म्हणतो ते कोणाला कळायचं नाही आणि त्याचंही काही अडायचं नाही. त्याने त्या फळ्या कापून मला ठोकलं. म्हणजे कॅमेरा आणि मी एकाच घरचे. तो जगाकडे बघायला लागला, मी जगाच्या पायाखाली गेलो.

माझ्या एका अंगावर पेटीचा जुना बाण राहिलाय, 'ही बाजू वर' असं लिहिलेला. आबिल्दाने फळी उलटी ठोकली, म्हणून बाण खाली दाखवतो. मला वाचता येत नाही. लोक बघून हसतात, त्यावरून समजलं.

माणसं मी तळव्यांवरून ओळखतो. तोंडाने माणूस काहीही बोलेल, पाय खोटं बोलत नाहीत. बातम्या वाचणारा एक जण वरून इतका शांत दिसायचा, आणि खाली त्याची टाच माझ्यावर टकटक टकटक चालू. एक मोठे साहेब आले होते, पहिलवानाला ढाल द्यायला. पहिलवानापेक्षा उंच दिसायचं होतं त्यांना. उघड मागायची लाज वाटली, म्हणून माणसाकरवी कानात निरोप पाठवला. मला आणलं, साहेब चढले, ढाल दिली, उतरताना मला लाथ मारून बाजूला सारलं. चढताना सगळे हळूच पाय ठेवतात. उतरताना बघावं.

तरी मी कुरकुरलो नाही. म्हणजे कुरकुरायचो, पण ते फळ्या जुन्या झाल्या म्हणून.

आता नौरोजची, म्हणजे वसंतातल्या नव्या वर्षाच्या सणाची, गोष्ट सांगतो. त्यासाठीच तोंड उघडलंय.

त्या वर्षी सणाचा कार्यक्रम मोठ्या चौकातून थेट दाखवायचा होता. मंचावर युर्त, म्हणजे आमचा गोल तंबू, उभारलेला, दारासमोर लोकरीच्या नमद्याचे गालिचे, मागच्या बाजूला सुमोलोकची, म्हणजे गव्हाच्या कोंबांच्या सणाच्या खिरीची, कढई. बायका सकाळपासून ती ढवळत होत्या. कार्यक्रम सांगायला दोघं. एक तिलेक, पॉपलरच्या झाडासारखा लांब, केसांची आरशात फार काळजी घेणारा. दुसरी बुरुल, नारिनकडच्या डोंगरातली, चणीने लहान. तिलेकच्या शेजारी उभी राहिली की त्याच्या कोपराशी बोलतेय असं वाटायचं. तिचा थेट प्रक्षेपणाचा तो पहिला दिवस. गावात तिच्या आजीच्या घरी सगळी आळी टीव्हीपुढे जमली होती, मेंढी कापली होती.

डायरेक्टर एमिलने आधीच सांगून ठेवलं होतं. दोघं चौकटीत नीट बसले तर बरं, नाही तर तिलेक एकटा कार्यक्रम करील. तिच्या डोक्याबरोबर ह्याचं पोट दाखवायला मी बसलो नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणून मला चौकात आणलं होतं. बुरुल सकाळीच माझ्यावर एकदा चढून बघून गेली. हलकं पाऊल. घाबरलेलं, पण खरं.

मग खाण्याची सुट्टी झाली. दिवेवाला साबिर गरम गरम नान घेऊन आला, तंदुरातून नुकते काढलेले, वर तीळ. हात भाजत होते म्हणा, भूक लागली होती म्हणा, त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि नान सरळ माझ्यावर ठेवले. उघड्या फळीवर. कापड नाही, काही नाही. वर मोडून खायलाही लागला.

कपडे आणि रंगरंगोटी बघणाऱ्या काकेन एजे तेवढ्यात युर्तच्या मागून आल्या. एजे म्हणजे ताई, पण ह्या ताईंना डायरेक्टरही घाबरतो. त्या जागच्या जागी थांबल्या.

"साबिर, ज्याच्यावर बूट त्याच्यावर नान? आईने हेच शिकवलं का तुला?"

"एजे, भुकेने डोळे मिटले होते."

"मग हातही मिटायचे होते."

त्यांनी नान उचलले, एकेक कपाळाला लावले. मला ओल्या फडक्याने घासून पुसलं. जन्मात पहिल्यांदा. मग कपड्यांच्या पेटीतून कशिद्याचा दस्तरखान, जेवणाखाली अंथरायचं कापड, काढून माझ्यावर अंथरला, नान पालथा ठेवत नाहीत म्हणून सुलटे मांडले, चहा ओतला आणि सगळ्यांना बसवून खायला लावलं. शेवटी त्यांनी दुवा म्हटली आणि सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. हे सगळं माझ्यावर.  

दस्तरखान झटकून घडी करतायत तोवर एमिल आला. खोका घ्या, बुरुलला उभं करा, म्हणाला. कोणी हललं नाही. साबिर तारा गुंडाळायला लागला, त्या गुंडाळलेल्याच होत्या.

"काय झालं? कोणी मेलं का?"

"त्याच्यावर आम्ही जेवलो," काकेन एजे म्हणाल्या.

एमिलने कपाळ धरलं. म्हणाला, घरी जमिनीवर दस्तरखान अंथरता, तो उचलल्यावर त्याच जमिनीवर चालता की उडता? एजेंनी शांतपणे सांगितलं की घरी मध्ये कापड असतं. ह्या गाढवाने उघड्या फळीवर नान मोडला. चुरा भेगांत गेलाय. भेगा खोल आहेत, तो निघत नाही, मघाशी सुईने काढून बघितला. आता ह्याच्यावर पाय म्हणजे नानावर पाय.

ते खरं होतं. माझ्या भेगांत तीळ होते, ऊब होती. इतक्या वर्षांत माझ्या पोटात पहिल्यांदा काही गेलं होतं.

एमिल बुरुलकडे वळला. "तू शिकलेली आहेस. चढ बाई, संपव हे."

बुरुलने माझ्याकडे पाहिलं. तिचा एक पाय उचललाही गेला होता, मला दिसलं. मग तिने तो खाली ठेवला.

"नाही चढणार. आजी बघतेय."

"आजीला खोका दिसणार आहे का?"

"मला माहीत असेल ना, मी कशावर उभी आहे ते."

दुसरा खोका केंद्रात, आणि सणामुळे रस्ते बंद. सुमोलोकवाल्या बायकांची बालदी उपडी घालून बघितली. ती बुरुलसकट कलंडली. एमिलने हात झटकले. तिलेक एकटा करील, म्हणाला, आणि आपल्या गाडीत जाऊन बसला, जिथून तो सगळ्यांच्या कानात बोलतो. बुरुल रडली नाही. डोक्यावरची पिसांची टोपी काढायला लागली, आणि पीन निघेना.

 तिलेकच्या हातात नानाचा शेवटचा तुकडा होता. तो त्याने खाल्ला, तीळ झटकले, आरशात केस बघितले. मग मंचावर गेला आणि युर्तच्या दारासमोर, नमद्यावर, मांडी घालून बसला.

"टोपी राहू दे," तो बुरुलला म्हणाला. "ये, बस. सणाला घरी आलेल्याशी कोणी उभ्याने बोलतं का?"

कानातून एमिल ओरडत असणार, कारण तिलेकने कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं. बुरुल आली, बसली. कॅमेरावाल्याने न विचारता कॅमेरा खाली घेतला.

आणि काय सांगू, दोघांचे खांदे बरोबरीने. टोपी धरली तर बुरुलच बोटभर वर. गड्याची सगळी उंची पायांत होती, आणि पाय आता मांडीत गेले होते.

 मग कॅमेरावाल्याने गाडीतून आलेला निरोप सांगितला. एमिल बाइके, म्हणजे एमिल दादा, म्हणतात, चांगलं दिसतंय, पण पुढे मोकळं वाटतंय, मध्ये काहीतरी ठेवा.

काकेन एजे मलाच घेऊन निघाल्या. दोघांच्या मध्ये मला ठेवलं, दस्तरखान अंथरला, वर नान, चहाची किटली, सुमोलोकची वाटी. समोर कॅमेरा. माझ्या त्या भावाचा नातू म्हणा हवं तर. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि सबंध देशाने पाहिलं. मी मात्र कापडाखाली. दिसलो, आणि दिसलोही नाही.

बुरुलचा गुडघा मला टेकला होता. सुरुवातीला थरथरत होता. मग तिने नान मोडला, अर्धा तिलेकला दिला, घरोघरी बसलेल्यांना सणाच्या शुभेच्छा दिल्या, आणि गुडघा थांबला. पुढे तर ती अशी बोलली की तिलेकला मध्ये शिरायला जागा शोधावी लागली. तो शोधत होता आणि हसत होता.

कार्यक्रम संपल्यावर आजीचा फोन आला. बुरुलने काकेन एजेंनाही ऐकवला. आजी म्हणत होती, "शहरात जाऊन केवढी उंच झालीस गं."

एमिलने कोणाची माफी मागितली नाही. पण दर नौरोजला दोघं बसूनच बोलतात, आणि आता ते आपल्याला सुचलं असं तो सांगतो. सांगू दे. साबिर सगळ्यांत जास्त ऐटीत असतो, जसा काही ठरवूनच माझ्यावर नान ठेवला होता.

तेव्हापासून माझ्यावर कोणी पाय ठेवला नाही. मी रंगरंगोटीच्या खोलीत असतो, खिडकीखाली, चहाचं टेबल म्हणून. बातम्यावाल्यासाठी आता प्लॅस्टिकची पायरी आणलीय. हलकी आहे, रंगीत आहे, आणखी तिच्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही. कोणी नवखा मला उचलायला आला तर काकेन एजे त्याच्या हातावर कंगवा मारतात. बुरुल येते, चहाचा पियाला माझ्यावर ठेवते, कागद वाचत बसते. तिचा गुडघा मला टेकतो, आता थरथरत नाही. तळवे कोणाचे आता कळत नाहीत मला, पण हात कळतात. हातही फारसं खोटं बोलत नाहीत.

माझं चाललंय बरं. सणाला दोघं बसलेले दिसले आणि मध्ये कापड घातलेलं काही दिसलं, तर तो मी. कापड उचलून बघायची गरज नाही, मला सवय आहे. पण कधी ह्या खोलीत आलात, माझ्यावर नान ठेवलात, तर तेवढा सुलटा ठेवा. बाण उलटा आहे तो असू दे.