पऱ्हाटीची आग

भोकरदनात कुणाची मोटर जळली की माणसं आधी सिराजोद्दीनचं घर गाठायची. जळालेली तार काढून मोटर नव्यानं भरण्यात तालुक्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे सगळ्यात ठासून सांगायचा तो स्वतःच. इतर मिस्त्री जुनी तार काढण्यातच दोन दिवस घालवायचे. हा पठ्ठ्या मोटरीचं लोखंडी अंग पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, जाळात घालायचा. लोखंड लाल झालं की तासाभरात तार मोकळी.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात काकासाहेबांनी आपल्या डाळमिलसाठी जालन्याहून नवी मोटर आणली. पंधरा हॉर्सपॉवरची, पण वीज कमी खाणारी. आठ दिवस चालवून बघायची, पटली तरच ठेवायची, अशी बोली होती.

"पटली तर समद्याच बदलून टाकतो," काकासाहेब म्हणाले. "मंग तुझ्याकडं भरायला काय आणावं, सिराजभाई?"

मिलच्या सहा मोटरी म्हणजे सिराजोद्दीनचं निम्मं काम. पण बोलण्यात हार जाईल तो सिराजोद्दीन कसला!

"कागदावर समदेच पैलवान असतेत, काकासाहेब. माझी भरलेली मोटर अन् ही, दोन्ही आळीपाळीनं एकाच मशीनला लावा. वीस-वीस पोती तूर. मंग मीटर बघू."

पहिल्या दिवशी त्याच्या मोटरीनं त्रेचाळीस युनिट खाल्ले. दुसऱ्या दिवशी नव्या मोटरीनं तेवढ्याच तुरीला अडतीस.

"पाच युनिट? कंपनीवाले काय जादू करून राह्यले का?" सिराजोद्दीन मीटरकडे बघतच राहिला. मग त्याला आठवलं. जुन्या मोटरीची जोडीदार, त्याच कंपनीची, तिच्याच सोबत घेतलेली, कधी न जळालेली, गोदामात बारदानाखाली पडून होती. "ती लावा. ती बी बराबर त्रेचाळीसच खाईल. जुन्या मोटरी तशाच असतेत, माझ्या हातात खोट न्हाई."

तिसऱ्या दिवशी मीटरनं साडेएकोणचाळीस दाखवले.

"म्हंजे जुनीबी काही लई वाईट न्हाई की," काकासाहेब म्हणाले आणि पोती मोजायला गेले. त्यांच्या डोक्यात पुढचं काही आलंच नाही.

सिराजोद्दीनच्या डोक्यात मात्र आलं. त्यानं चालत्या मोटरीवर हात ठेवला. कोमट होती. त्याच्या स्वतःच्या मोटरीवर परवा हात टिकत नव्हता. दोघी एकाच घरच्या, फरक एवढाच की एक तीनदा त्याच्या जाळातून गेली होती. ज्यांच्या हाताखाली तो शिकला ते जालन्याचे उस्ताद सांगायचे, आतले पत्रे पातळ असतात, त्यांच्यावर लेप असतो, तो जाळू नकोस. जळाला की मोटर काम करायच्या आधी स्वतःलाच तापवत बसते. तेव्हा त्याला वाटलं होतं, म्हाताऱ्याला घाईचं काम जमत नाही म्हणून बोलतो. आता त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

गप्प बसला असता तर कुणालाच कळलं नसतं.

"काकासाहेब," त्यानं हाक मारली. "नवी ठेवून घ्या. तिच्यात अन् जुनीत दीड युनिटाचा फरक. बाकीचे साडेतीन माझ्या आगीनं खाल्ले."

काकासाहेब पोती मोजायची सोडून आले. "हे मला कळलं नसतं, सिराजभाई."

"म्हणून तर सांगून राह्यलो."

घरी आला तर अंगणात पऱ्हाटी रचलेली. पिंपळगाव रेणुकाईच्या गोजरबाईच्या पिठाच्या गिरणीची मोटर सकाळीच आली होती, आणि दुसऱ्या दिवशी देतो असं त्यानं तोंड भरून सांगितलं होतं. त्याची बायको रहिमुन्निसा काडेपेटी घेऊन उभी होती.

"लगाऊं क्या?"

"नक्को." त्यानं काडेपेटी तिच्या हातातून घेतली. छिन्नी शोधली आणि एकेक तार थंड लोखंडातून तोडून काढायला बसला. संध्याकाळपर्यंत पाव कामही झालं नाही आणि बोटं सोलून निघाली.

दुसऱ्या दिवशी गोजरबाई एसटीनं आल्या. मोटर उघडी पडलेली बघून त्यांचा पारा चढला.

"आजचा वायदा व्हता ना? गावात दळण खोळंबलंय!"

"अजून दोन दिवस लागतेत, मावशी."

"मागल्या दोन्ही बारीला तर एका दिवसात दिल्ती!"

"दिल्ती," सिराजोद्दीन म्हणाला. "तिथंच चुकलं माझं."

गोजरबाईंना काहीच उमगलं नाही. त्यांनी त्याच्या सोललेल्या बोटांकडे बघितलं आणि त्यांचा आवाज एकदम उतरला.

"सिराज, तुझा पहिल्यासारखा हात राह्यला न्हाई रे."

ज्या हाताची बढाई त्यानं वीस वर्षं मारली, त्याच हातानं त्यानं छिन्नी पुन्हा उचलली, आणि त्यांना तसंच समजू दिलं.