ऑस्करच्या तोंडातली शिंगटी

सुदेशने पाळलेला पहिला ऑस्कर मासा पोट फुगून मेला, तो त्याच्याच हौसेपायी. तुयेच्या कारखान्यातून सुटला की ओहोळातली माशांची जिवंत पिल्लं बादलीतून आणायची, काचेच्या टाकीत सोडायची आणि दोस्तांना बोलावून कत्तल बघायची, हा याचा खेळ. मासा मेला तेव्हा मार मात्र बायकोला, सेजलला. म्हणून म्हापशाहून दुसरं पिल्लू आलं, तेव्हा तिने मनाशी पक्कं केलं की हे मरू द्यायचं नाही.

तळहाताएवढं ते पिल्लू, पण हावरट कसलं! सेजल त्याला सोललेल्या सुंगटांचे, म्हणजे कोळंबीचे, बारीक तुकडे घाली, दुकानातले दाणे घाली, कधी स्वच्छ धुतलेलं गांडूळ. आणि पोट भरलं की हात आवरी. मासा अंगाने भरला, रंगाने तुकतुकीत झाला, तिला बघितलं की काचेशी धावून येई. या घरात तिला बघून आनंदणारं ते एकच होतं.

सुदेशला हे सोसेना. "वाघाक कोण सुंगटां सोलून घालता रे?" रविवारी संध्याकाळी तो प्रज्योतला म्हणाला. प्रज्योत त्याचा कारखान्यातला सोबती, हसायला कायम तयार. दोघांच्या पोटात फेणी होती आणि बादलीत शेतातल्या पाण्यात धरलेल्या शिंगट्या, काळ्या, मिशाळ, कल्ल्यांमागे विषारी काटे असलेल्या.

"तुमी शिंगट्यो सोडू नकात," सेजल म्हणाली. "काटे उभे करतत त्यो. घशात अडाकतली."

"माका शिकयतंस?"

त्याने शिंगटी टाकीत सोडलीच. ऑस्करने झडप घातली, तिचं डोकं गिळलं आणि तिथेच सगळं अडलं. शिंगटीने काटे ताठ केले आणि एक काटा ऑस्करच्या गालातून आरपार बाहेर आला. पाणी लालसर झालं. मासा काचेवर धडका देऊ लागला, खवले उडाले. प्रज्योतने टाळी वाजवली.

सेजलने टाकीत हात घातला. सुदेशने तिला केसांना धरून मागे ओढलं आणि कानाखाली अशी भडकावली की तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आदळलं. "आनी एक घालतंय, बघ!" म्हणत त्याने बादलीत हात खुपसला. शिंगटीचा काटा त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी पार आत घुसला.

मग काय ओरडला म्हणता! मघाशी वाघाच्या गोष्टी करणारा सुदेश जमिनीवर गडाबडा लोळायला लागला. शिंगटीच्या काट्याला कढत पाण्याचा शेक, हे पेडण्यात कुणाला सांगावं लागत नाही. "गरम पाणी हाड गो! मेलंय मी!"

चुलीवर पाणी तापलेलं होतं. सेजल उठली. कपाळावरचं रक्त पदराने पुसलं, ऑस्करला ओल्या फडक्यात धरून बाहेर काढलं आणि कात्रीने शिंगटीचे काटे एकेक करून तोडायला बसली. कान वाजत होता, तरी कात्री चुकली नाही.

"वयनी, आधी तेका बघ!" प्रज्योत रडकुंडीला आला.

"तेका हात दोन आसत," ती म्हणाली. "हेका तोंड एकच."

शिंगटी सुटली. ऑस्कर पाण्यात आडवा तरंगला, मग कल्ले हलले, मग शेपटी. तेव्हा कुठे ती चुलीकडे गेली.

कढत पाण्याचं टोप घेऊन ती समोर आली, तर सुदेशने दुखरा हात पोटाशी धरून दुसरा, धड असलेला हात उगारला. इतकं होऊनही! सेजल मागे सरली नाही. उलट एक पाऊल पुढे आली. पाण्याची वाफ त्याच्या तोंडावर गेली.

"तो हात खाली घे," ती म्हणाली. "मगे ठरयतंय, ह्या पाणी खंय ओतूचा ता."

सुदेशने टोपाकडे बघितलं, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि हात खाली घेतला. त्याच्या डोळ्यांत भीती होती, चांगली उघड भीती. आणि सेजलला, खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.